दोनदा मुडपलेली नळी

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्याच घरचा फ्रिज बंद पडला, तर त्यानं हसावं की रडावं? आमचे डॉक्टर दोन्ही सोडून चिडले.

डॉक्टर म्हणजे दवाखान्यातले नव्हेत हो. जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केले, कॉम्प्रेसरला कान लावून दुखणं ओळखलं, म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव पाडलं. त्यांनीही ते असं अंगाला लावून घेतलं, की विचारू नका. कुणी म्हणालं, "डॉक्टर, दुरुस्त करू की सरळ नवा घेऊ?" की उत्तर तयार. "माझ्या घरी येऊन बघा! मुलीच्या जन्माआधीचा फ्रिज. एकदा मी कॉम्प्रेसर बदलला, त्यानंतर साधा स्क्रू फिरवावा लागला नाही. आणि तुम्ही नव्याच्या गोष्टी करता?" दुरुस्ती पक्की.

त्या सकाळी मात्र त्या फ्रिजखाली पाण्याचं तळं झालं होतं. दूध नासलेलं. बायको फडकं पिळत म्हणाली, "अहो, या वेळी नवाच घेऊ या."

"या वेळी? म्हणजे याआधी कधी बंद पडला होता?"

बायको चटकन शेगडीकडे वळली. शेगडीवर काहीच नव्हतं.

"उद्या गल्लीभर होईल, डॉक्टरच्या घरचाच पेशंट दगावला म्हणून. सरक बाजूला!" असं म्हणत डॉक्टरांनी फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे उकिडवे बसले आणि टॉर्च लावला.

आणि बसले ते बसलेच.

आतला कॉम्प्रेसर त्यांनी बसवलेला नव्हताच. दुसराच होता, लहान, बऱ्यापैकी नवा. तांब्याच्या नळ्यांचे जोड त्यांच्या हातचे नव्हते. ही कुणाची कारागिरी? माझ्या घरात, माझ्या फ्रिजला, कोण हात लावून गेलं? कानशिलं तापली त्यांची. मग उजेड गॅस भरायच्या नळीवर पडला. नळीचं टोक चिमटून बंद केलेलं होतं, आणि दोनदा मुडपलेलं होतं.

अरे देवा.

ही खोड एकाच माणसाची. धाकट्या भावाची. शेजारी बसवून त्याला हे काम शिकवलं, तेव्हा या दुसऱ्या घडीवरून कितीदा टपली मारली होती. "एकदा मुडपलं की झालं, वेळ का घालवतोस?" आणि तो म्हणायचा, "असू दे की दादा. गळला तर?"

याच भावानं पुढे दुरुस्ती सोडून नव्या फ्रिजचं दुकान काढलं. "दादा, लोकांना आता नवंच हवंय." एवढंच म्हणाला होता बिचारा. डॉक्टरांनी भर रस्त्यात त्याला बोल लावले, धंद्याला काळिमा फासलास म्हणाले, आणि बोलणं तोडलं. मुलगी तेव्हा शाळेत होती, आज ती स्वतः शाळेत शिकवते. बघा, किती काळ गेला!

"कधीपासून येतोय तो?" त्यांनी टॉर्च विझवत विचारलं.

"तुमचं बोलणं तुटलं तेव्हापासून," बायको म्हणाली. आता तिनं आडपडदा ठेवला नाही. "फ्रिज बंद पडला की मी तुम्हाला सांगायची. तुम्ही म्हणायचात, उद्या बघतो. जगाचे फ्रिज आज, आपला उद्या! आणि उद्या विसरून जायचात. मग भाऊजींना सांगितलं. तुम्ही कामावर गेलात की यायचे, दुरुस्त करून जायचे. म्हणायचे, दादाला कळू देऊ नका वहिनी, त्याचा शब्द खोटा पडेल."

"आणि तू मूग गिळून बसलीस!"

"हो, बसले. भांडण तुमचं होतं. मी कशाला माणूस तोडू?"

डॉक्टर भिंतीला टेकले. ज्या फ्रिजच्या जिवावर गल्लोगल्ली शेखी मिरवली, तो जिवंत ठेवला कुणी? तर नवे फ्रिज विकणाऱ्यानं! शरम वाटली. खरं सांगायचं तर रागही आला, पण तो कुणावर काढायचा हेच कळेना.

"मग आता का नाही बोलावलंस त्याला?"

बायकोनं फडकं खाली ठेवलं. "त्यांची नजर गेलीय हो. समोरचं माणूससुद्धा धूसर दिसतं. दवाखान्यात सांगितलं, गेली ती परत यायची नाही. मागच्या खेपेला मी नको नको म्हणत होते, तरी चाचपत चाचपत जोड केला. बोट भाजून घेतलं. तोच गळला असणार. म्हणून म्हणते, नवा घ्या, आणि त्यांच्याच दुकानातून घ्या."

डॉक्टर तसेच उठले. शर्टाचं बटण लावायचंही भान नव्हतं.

त्या दुकानावरून ते एरवी मान फिरवून जायचे. आज पायरी चढले. चकचकीत फ्रिजांच्या रांगेमागे भाऊ बसला होता. केस पांढरे झालेले, तर्जनीवर भाजल्याचा डाग. त्यानं मान वर केली, सरळ डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "या साहेब, या. कुठला दाखवू?"

भाऊ चिडला असता, हाकललं असतं, तर चाललं असतं. पण साहेब?

"नवा नको," ते कसेबसे म्हणाले. "जुनाच दुरुस्त करायचाय. हात मी चालवतो. तू नुसता शेजारी बस."

भावाचं हसू जागच्या जागी थांबलं. काउंटरची कड धरून तो उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "डावीकडचा जोड ना रे? मला तेव्हाच वाटलं होतं, नीट बसला नाही."