जर्मनचा वाकर

औशात लातूर रस्त्याला रामलिंगचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्याला लागूनच घर. अर्ध्या गावाची गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्याच्या हातच्या. माणूस कामाला चोख, जिभेला तिखट आणि एका बाबतीत अगदी पोरकट. धाकट्या भावाचं कौतुक कानावर पडलं की त्याच्या पोटात दुखायला लागतं. हे त्याला ठाऊक आहे, बायकोला ठाऊक आहे, समोरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे.

दुकान मुळात वडिलांनी, धोंडप्पांनी काढलेलं. आता अप्पांची नजर अधू झालीय, तरी जोडावरून बोट फिरवून हा कोणाचा हात, हे ते अजून सांगतात. रामलिंगनं उमेदीची वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण ‘चांगलं केलंस’ एवढे दोन शब्द काही त्याच्या वाट्याला आले नाहीत. चुकलं की शिवी, जमलं की गप्प. धाकटा मृत्युंजय मात्र लातूरला कापडाचं दुकान घालून बसला, सणावाराला पेढे घेऊन यायचा, आणि तो गेल्यावर अप्पा आठवडाभर त्याचंच नाव घ्यायचे.

मागच्या साली अप्पा मोरीत घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, चार पायांचा वाकर धरून चालवा. वेल्डरच्या घरात विकतचा वाकर आणायचा? रामलिंगनं चौकोनी लोखंडी पाइप कापले, जोडले, घासले, वर चंदेरी रंग मारला. हत्ती टेकला तरी हलणार नाही असा वाकर झाला. अप्पांनी तो उचलून पुढं ठेवला, एक पाऊल टाकलं आणि धापा टाकत बाजेवर बसले.

“लई जड हाय रं. चालू का हमाली करू?”

ही बातमी लातूरला पोचली. मृत्युंजयनं मोबाइलवर बघून बघून नुकताच एक नाद लावून घेतला होता. घरच्या शेडमधली गाडी बाहेर काढून तिथं आर्गन गॅसवरचं वेल्डिंगचं मशीन मांडलं होतं आणि दुकान बंद करून आला की तो जर्मन जोडत बसायचा. जर्मन म्हणजे आपलं ॲल्युमिनियम. पातेली आणि डबे करतात ते. पंधरवड्यात तो जर्मनचा वाकर घेऊन हजर झाला. अप्पांनी एका हातानं तो उचलला आणि अंगणाला चक्कर मारून आले.

“धाकट्यानं केलाय,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. “घरी बसून शिकला. लई डोकं हाय त्याला.”

रामलिंगचा लोखंडी वाकर मागच्या दारी गेला. शिवगंगा, त्याची बायको, त्यावर ओली लुगडी वाळत घालायला लागली.

रामलिंग जळत होता. कापड फाडणाऱ्या माणसानं वेल्डिंग करावं आणि वेल्डिंगवाल्यानं बघत बसावं? त्यानं लातूरहून गुपचूप जर्मनचा पाइप आणला. ह्याच्यापेक्षा झकास वाकर करून दाखवतो म्हणून गॅसची ज्योत धरली. आधी मूठ वाकवायची होती. लोखंड तापलं की लाल होतं, लाल झालं की वाकवायचं. सारा जन्म त्यात गेलेला. तो लाल व्हायची वाट बघत बसला. जर्मन लाल झालंच नाही. पांढरं ते पांढरं राहिलं आणि एकाएकी गळून त्याच्या चपलेशी पडलं.

“का वो, काय जळायलंय?” शिवगंगानं आतून विचारलं. “पाइप, का तुमचं पोट?”

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा झोपलेले बघून त्यानं भावाचा वाकर हळूच उचलून उजेडात नेला. हे वाकवलंय तरी कसं, ते बघायचं होतं. बघता बघता बोट थांबलं. उजव्या मुठीखाली, जिथं जोड संपला होता, तिथं केसाएवढी चीर गेली होती. शेवटाला हात झटक्यानं उचलला की तिथं खळगा राहतो आणि तो चिरतो. नवशिक्याची चूक.

रामलिंगला आनंद झाला. खोटं कशाला बोला, उकळ्या फुटल्या. त्यानं वाकर होता तिथं ठेवला आणि चहाला निघून गेला. आता बघू दे गावाला, कोणाला किती डोकं हाय ते.

चहा अर्धा झाला नव्हता तेवढ्यात समोर घराच्या अंगणातून वाकरची टकटक ऐकू आली. अप्पा मोरीकडं निघाले होते. रामलिंगनं कप टाकला, रस्ता धावत ओलांडला, अप्पांना कवेत धरलं आणि दुसऱ्या हातानं वाकर हिसकून घेतला.

“चीर गेलीय ह्याला. पडाल!”

अप्पांनी तोंड फिरवलं. “चीर तुझ्या डोळ्यात हाय. धाकट्याचं एवढंबी बघवंना का तुला?”

रामलिंग खरं बोलत होता, पण खोटं वाटावं अशी त्याची आजवरची कमाई होती. त्यानं लोखंडी वाकर धुऊन पुढं आणला. अप्पांनी त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी रामलिंग वाकर घेऊन एस.टी.नं लातूरला गेला. भावाला चांगलं झापायचं असं वाटभर घोकत होता. पण मृत्युंजयनं चीर बघितली आणि तिच्यावरून नख फिरवलं.

“अण्णा, अप्पा पडले असते तर?”

झापायचं राहूनच गेलं. “शेवटाला हात उचलू नको. थोडा मागं ये, खळगा भर, मग थांब,” रामलिंग म्हणाला. मग दुसरीकडं बघत, “पण हे वाकवतोस कसं? लाल तर होतच न्हाई.”

मृत्युंजयनं अंगाचा साबण आणला. पाइप चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरली, वरून साबण चोळला आणि लांबून ज्योत फिरवली. “पाइप सांगत न्हाई, साबण सांगतो. काळपट झाला की बस. निवू द्यायचं, मग वाकवायचं.”

रामलिंग दोन दिवस राहिला. भंगाराच्या तुकड्यांवर जोड मारून मारून हात बसवला. मग वाकरची नवी मूठ त्यानंच वाकवली, जोडही त्यानंच मारला. एकसारखा, शेवटाला भरलेला. भाऊ बघत राहिला.

“अप्पाला फोन करून सांगू?”

“नको. बोट फिरवलं की वळखतील.”

येताना वाकर त्यानं मांडीवर धरून आणला. घरी येऊन तो अप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि बाजूला उभा राहिला. शिवगंगा दारात आली. अप्पांनी मूठ चाचपली, बोट जोडावर नेलं, शेवटापर्यंत फिरवलं आणि परत एकदा मागं आणलं. त्यांचा चेहरा उजळला.

“वा! ह्याला म्हणावं काम. चांगलं केलंय.”

रामलिंग एक पाऊल पुढं सरकला.

“बघ,” अप्पा म्हणाले, “धाकट्याचा हात बसला. तूबी शिकून घे त्याच्याकून.”

शिवगंगा काही बोलणार होती. रामलिंगनं मानेनं नाही म्हटलं.

“हाव अप्पा,” तो म्हणाला, “घेतो शिकून.”