विमानाचे तीन तास

पहिली चूक दोऱ्याच्या टोकाची. सासरे वर्ध्याजवळच्या सेलूला अंथरुणाला खिळलेले. मुंबईला नोकरीत असलेल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलाची सकाळी तार आली, विमानाने निघतो. पन्नास सालानंतरची चार-दोन वर्षं ती. विमानात बसणं सोडाच, जमिनीवर उभं असलेलं विमानही आमच्यात कोणी पाहिलं नव्हतं. पण मी वर्ध्याचा भूगोलाचा मास्तर, वर घरचा जावई. तेव्हा विमानाला किती वेळ लागतो हे मलाच ठाऊक असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

पोरांच्या नकाशावर दोरा ताणला. एक टोक मुंबईवर. दुसरं सेलूवर ठेवायला गेलो तर सेलू नकाशातच नाही! म्हणून वर्ध्यावर ठेवलं.

"अवो, ते नागपूरले उतरते," बायको हळूच म्हणाली.

मी दोरा पुढे सरकवला. चारशेच्या वर मैल भरले. विमानाचा वेग वर्तमानपत्रात वाचलेला होता. भागाकार केला आणि खाटेशी जाऊन, वर्गात सांगावं तसं खणखणीत सांगितलं, "मामाजी, फक्त तीन तास."

सासऱ्यांनी डोळे उघडले. "तीनच तास? मंग थांबतो मी."

डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते, पण सासरे खरंच थांबले. उशीला टेकून बसले, दोन चमचे दूध घेतलं आणि घड्याळाकडे पाहत राहिले. मधूनच विचारायचे, "जावईबुवा, कुठवर आला माहा पोट्टा?"

"औरंगाबाद गेलं असेल." "अकोला दिसायला लागलं असेल." "आता पुलगाव." माझं विमान वेळेवर चाललं होतं.

पुलगावनंतर मात्र मला गावं पुरेनात. अंगणात बसलेल्या शेजाऱ्याने आवाज दिला, "काऊन हो मास्तर, पुलगावले सिग्नल नाई भेटला काय तुमच्या विमानाले?" माणसं हसली. मीही हसलो.

तीन तास झाले. मी म्हटलं, "नागपूरहून मोटारीला वेळ लागतोच, मामाजी." घड्याळाकडचं तोंड त्यांनी भिंतीकडे फिरवलं. दिवेलागणीच्या आधीच गेले.

मेहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचला. विमान मुंबईहून रात्रीच सुटायचं. आदला सबंध दिवस तो तिकीट खिशात घालून तिथेच बसून होता. मी अंतर मोजलं, वेग पाहिला. ते सुटतं केव्हा, हा प्रश्न भूगोलाच्या मास्तराला पडलाच नाही.

तेरवी आटोपून आम्ही वर्ध्याला परतलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "शेवटचे तीन तास तरी मामाजी आशेवर होते."

बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रेलगाडीनं येऊन राह्यला म्हणून सांगतलं असतं, तर बाबा सकाळपर्यंत थांबले असते."