खड्ड्यांवर विणलेली बाही

पालीहून रत्नागिरीला येणाऱ्या एसटीत ती रोज माझ्या शेजारी असायची. मांडीवर तान्हं, खांद्यावर पेंगणारी तीन वर्षांची मुलगी आणि हातात लोकरीच्या सुया. खड्ड्यात माझं डोकं खिडकीवर आपटे, तिचा टाका मात्र सुटत नसे.

“आपल्याकडच्या घामात स्वेटर कोण घालणार हो?” मी विचारलंच.

“हे. पंधरा दिवसांनी बोटीवर जातायत. तिकडे बर्फ असतो.”

एके दिवशी रत्नागिरीला सगळे उतरले, ती बसूनच.

“मला कुठे उतरायचंय, काका? घरी पोरं सुई धरू देत नाहीत. गाडीत धक्के बसले की झोपतात. म्हणून नुसती जाऊन येते.”

“मग पोरं त्यांच्या बाबांकडे ठेवायची!”

“ठेवली होती. तिघांनाही मीच लागले.”

खरंच, हातखंब्याजवळ गुळगुळीत रस्ता लागला की दोन्ही पोरं टक्क जागी होऊन लोकर ओढायची. खड्डे आले की पुन्हा गाढ.

“एकच बाही राहिलीय,” ती म्हणाली. “तेवढी होईस्तोवर खड्डे राहूदेत, देवा!”

माझ्या खिशात खड्डे बुजवण्याचा अर्ज होता, अख्ख्या आळीच्या सह्यांचा. तो मी पंधरा दिवस उशिरा दिला. आळीकरांनो, माफ करा. तिकडे बर्फ असतो.