येळवशीचे पाच दगड

मला जुन्या दगडांचं वेड आहे, आणि ते लपवण्याइतका मी शहाणा नाही. मादन हिप्परग्याकडं एका शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झालो आणि सुटलोच. गाडी काढायची आणि आळंद, निंबर्गा, बसवकल्याण असा मुलूख पालथा घालायचा. कुणाच्या गोठ्याला लढाईत मेलेल्या वीराचा दगड टेकवलेला असतो, कुठं देवळाचा खांब आडवा टाकून त्यावर बायका धुणं धुतात. लोक विचारतात, "गुरुजी, धन हुडकायलाव का?" मी व्हय म्हणतो आणि पुढं जातो.

पण त्या येळवशीला मी जो फिरलो, तो दगडांपायी नाही. घाबरून फिरलो.

माझी धाकटी बहीण मुडबीच्या अलीकडं दिलीय. तिचा नवरा दोन वर्षांमागं काविळीनं गेला. तेव्हापासून चार एकर रान ती एकटी कसते, पोराला शिकवते आणि जिला ती आत्या म्हणते त्या सासूला सांभाळते. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्याकडं येळवस. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजायचे, मग पालेभाज्या-दाणे एकत्र शिजवलेल्या भज्जीवर आणि ताकातल्या आंबिलीवर ताव मारायचा. पूजा मात्र सवाशिणीच्या हातची. म्हणून आदल्या वर्षी तिची थोरली जाऊ गुलबर्ग्याहून एका दिवसापुरती आली आणि पूजा करून गेली. बहीण लांब बांधावर पाठ करून बसली होती.

यंदा आठ दिवस आधी तिचा फोन आला. "अण्णा, औंदा पूजा मला करायचीय. रान म्या कसायलेय. तू ये आन आत्याला सांग. गुरुजी म्हणून तुझं ऐकतील त्या."

"सांगतो की," मी म्हणालो. फोनवर म्हणायला काय जातंय? दहाव्याच्या दिवशी तिच्या बांगड्या काढल्या तेव्हा "चार लोक म्हणतात तसं कर बाई" असं तिला सांगणारा मीच होतो. आता उलटं कुठल्या तोंडानं बोलायचं, हे मला आठ दिवस सुचलं नाही.

त्या सकाळी डांबरी रस्त्यानं गेलो असतो तर दहा मिनिटांत पोचलो असतो. मी गाडी फाट्यावर लावली आणि पाणंदीनं चालत निघालो. दोन्हीकडं बांध, बांधावर बाभळी, मधून बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि पलीकडं वाळत आलेली तूर. माणूस नाही, आवाज नाही. अशा वाटेवर मला एरवी फार बरं वाटतं, पण त्या दिवशी मी मुद्दाम रेंगाळत चाललो. पाणंद संपते तिथं वनखात्याची झाडी लागते, कडुनिंब, करंज आणि पळस. आत शिखर नसलेलं एक देऊळ आहे. देव कधीचाच नाही, गाभाऱ्यात शेळ्यांच्या लेंड्या. मी वही काढली आणि खांब मोजत बसलो. एकच खांब तीनदा मोजला. चौथ्यांदा टेप लावला तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

रानात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कोप तयार होती. सासूबाई आत बसल्या होत्या आणि जाऊ हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. बहीण चुलीपाशी होती. माझ्या धोतराला चिकटलेली कुसळं बघून ती म्हणाली, "आलास? का एखादं देऊळ राहिलंय अजून?"

ती हसली, पण डोळे माझ्यावर रोखून होती. बोल म्हणत होती. मी काय बोललो? "पांडवांना चुना मी देतो, माझ्या हाताला ब्रशची सवय आहे." वर आणि असा हसलो की मलाच किळस आली.

ते पाच दगड वर्षभर तिथंच निंबाखाली असतात, कोप त्यांच्याभोवतीच उभी करतात. दरसाल चुन्यावर चुना चढून त्यांचे गोळे झालेले. चारांवरचा जुना चुना मी खरवडला. पाचवा जरा उंच आणि चपटा होता. त्याची खपली हातभर निघून आली आणि खाली बोटं दिसली. दगडात कोरलेली सरळ उभी बोटं. झालं, मी सगळं विसरलो. पाणी ओतलं आणि काथ्यानं घासघास घासलं. कोपरात वाकलेला एक हात उघडा पडला, मनगटापासून बांगड्याच बांगड्या.

"सतीचा दगड आहे हा," मी ओरडलोच. सगळे भोवती जमले. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. असे दगड कुठंकुठं आहेत, हात असाच का कोरतात, सगळं धडाधड सांगत सुटलो. "नवरा मेला की त्याच्यासंगं बायको चितेवर..." इथं माझी जीभ अडकली. समोर बहीण उभी होती, ओल्या पिठाच्या हातांनी.

सासूबाईंनी दगडाला हात जोडले. "धन्याची बाई. संगं गेली."

 चुलीवर भज्जी खदखदत होती.

"अण्णा," बहीण म्हणाली, "आधी नवरा गेला ना हिचा?"

"व्हय."

"म्हंजी पांढऱ्या कपाळाचीच. तरी तुमी सगळे तिला दरसाल चुना लावून पाया पडता." तिचा आवाज चढला नव्हता. ती सासूकडं वळली. "ती जळली म्हणून देव झाली. म्या राहिले, पोराला खाऊ घातलं, ही तूर उभी केली, म्हणून म्या शिवायचं न्हाई. आत्या, खरं सांगा. म्या बी जळाया पायजे हुते का?"

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर मला बोलावलं होतं. माझ्या हातात काथ्या होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. जाऊनं ताट छातीशी धरलं. मी सासूबाईंकडं बघितलं. त्या चिडतील असं वाटलं, पण त्यांची नजर दगडातल्या बांगड्यांवर होती. मग हळूच म्हणाल्या, "असं म्हनू नको. मला बी कुणीतरी म्हनलं हुतं तसं. हे गेले तवा. पदरात दोन लेकरं हुती माज्या."

मला धक्का बसला. ही बाईसुद्धा विधवा आहे, हे मला ठाऊक होतं. पण ती कधीतरी ह्याच रानात बांधावर पाठ करून बसली असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. नियम तिचा म्हणून तिच्याशी भांडायची धास्ती घेतली होती मी.

त्यांनी गुडघ्यावर हात देऊन उठायची खटपट केली. थोरल्या सुनेच्या हातातलं ताट मागून घेतलं आणि धाकटीपुढं धरलं. "कर. तुजं रान हाय."

बहिणीनं ताट घेतलं नाही. डोळे पुसले, तर पीठ गालाला लागलं. "तुमी आधी," ती म्हणाली. "तुमी बी कसलंय की हे रान."

सासूबाई दगडांपुढं बसल्या. उजवा हात ताटावर नेला आणि तिथंच थांबल्या. बोटं हळदीवरून कुंकवावर गेली, परत हळदीवर आली. मला वाटलं, मन कचरतंय.

"काय झालं आत्या?" बहिणीनं विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "आधी काय लावायचं गं?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली. इसरले मी."