पुढची ओळ

त्या वयात माझी श्रद्धा कशावर आहे असं कुणी विचारलं असतं, तर मला उत्तर देता आलं नसतं. वडिलांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. ते परतल्यावर आईनं देवळीतले जुने देव पैनगंगेत सोडले आणि त्या जागी तथागतांची तसबीर लावली. वडिलांचा चेहरा तेव्हापासून उजळला तो कायमचाच. मला मात्र ती देवळी रिकामीच वाटायची. जुन्या देवांसाठी जीव तुटत होता असं नाही. त्यांच्या देवळाची पायरी आम्हाला कुणी कधी चढू दिली नव्हती. पण आता हात जोडायचे ते कुणापुढे, आणि जोडले तर पलीकडे कुणी आहे का, हे कळत नव्हतं. बुद्धवंदना पाली भाषेत. तिची सुरुवात तेवढी मला यायची, तीही वडिलांच्या मागोमाग.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी कॉलेजात असताना युवकांच्या एका अभ्यास-दौऱ्यासाठी माझी निवड झाली. राज्याच्या निरनिराळ्या भागांतल्या मुलामुलींनी एकत्र फिरायचं, खेड्यांत राहायचं, धरणं, हातमाग, शेती बघायची आणि शिकायचं. आमच्या घरातून अशी एकटी बाहेर पडणारी मी पहिलीच. कोकणात मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि चपला हातात घेऊन वेड्यासारखी पळत सुटले. माझ्यामागे धावत आली ती चिपळूणची कुंदा. त्या दिवसापासून आमचं ताट एक झालं. पण माझं घर कोणत्या वस्तीत आहे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ते ताट एक राहील का, हा विचार रोज जेवताना मनात यायचा.

दौऱ्याचे प्रमुख एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांचा एक नियम होता : ज्या जिल्ह्यात मुक्काम, तिथल्या मुलानं किंवा मुलीनं आपल्या घरची प्रार्थना सांगायची. कुणी अभंग म्हटला, कुणी आरती, नगरच्या मुलीनं ख्रिस्ताचं गाणं म्हटलं. दौरा जसजसा वऱ्हाडाकडे सरकू लागला तसतसे माझ्या पाळीपर्यंतचे दिवस मी मोजू लागले. शेवटचा मुक्काम आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, जानेफळच्या शाळेत होता. तिथून एस.टी.नं मलकापूर, आणि मलकापूरहून ज्यानं त्यानं आपापल्या गाडीनं घरी.

"उद्या तुझी पाळी," गुरुजी जेवताना हसून म्हणाले. मी मान हलवली. हात धुवायला गेले आणि तिथेच उभी राहिले. वंदना अर्ध्यात अडली तर लोक हसतील, नाही अडली तरी माझी वस्ती कोणती ते उघड होईल. सकाळी प्रार्थना, मग नाश्ता आणि त्यानंतर आमच्यासाठी ठरवलेली एस.टी. येणार होती. मी मनातल्या मनात म्हटलं, जो कुणी ऐकत असेल त्यानं ऐकावं : उद्या गाडी लवकर येऊ दे, म्हणजे प्रार्थनाच राहून जाईल.

आणि गाडी खरोखरच लवकर आली! थंडीत कुडकुडत आम्ही पटांगणात जमतो न जमतो तोच फाटकाबाहेर हॉर्न वाजला. माझा जीव भांड्यात पडला. पण गुरुजी म्हणाले, "गाडी थांबेल. प्रार्थना झाल्याशिवाय निघायचं नाही."

मी पुढे झाले. बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणारं त्रिशरण कसंबसं पार पडलं, मग पाच शीलांचं पंचशील सुरू केलं आणि दुसऱ्या शीलावर शब्द संपले. कुणी हसलं नाही. डोळे मिटलेलेच होते. मला आता काहीच येत नाही, एवढंच मनात आलं. आणि नवल असं की भीती त्या क्षणी गळून पडली. इतकी वर्षं मी नुसते हात जोडत होते. आज ते खरे जोडले गेले होते.

तेवढ्यात मागून एक जाडा, घोगरा आवाज आला. पुढची ओळ. मी डोळे उघडले. खाकी कपड्यातला एस.टी.चा ड्रायव्हर चपला काढून हात जोडून उभा होता. एक ओळ म्हणून तो थांबला, माझ्यासाठी. मी ती म्हटली. त्यानं पुढची म्हटली. मग शाळेच्या भिंतीपलीकडे, पाण्याला चाललेल्या, आमच्यासारखाच धम्म घेतलेल्या बायकांचेही आवाज त्यात मिसळले, आणि वंदना पुरी झाली.

मी धावतच त्याच्याकडे गेले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तो हसला. "काऊन रडतं वं पोरी? मले बी असंच झालं होतं. चार लोकांत उभा राह्यलो अन् जीभच वळेना. माह्या मायनं पुढचं म्हटलं. आपल्याले येते तेवढं म्हनावं. पुढचं कोनी ना कोनी म्हनतेच."

"पण दादा, तुम्ही इतक्या लवकर कसे आलात?"

"तेच तं मले समजून नाही राह्यलं. कापसाच्या बैलबंड्यांनी रोज रस्ता भरून राह्यते. आज एक बी आडवी नाही आली."

कुंदा मागे येऊन उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस होईना. तिनं माझा दंड धरून मला आपल्याकडे वळवलं. "अगो, एवढं सुंदर आहे आणि इतके दिवस गप्प बसलीस? मला शिकव. गाडीतच शिकव." मग नाश्त्याचा चिवडा वाढला गेला, तेव्हा माझ्याच वाटीतला घास तिनं तोंडात टाकला आणि माझा हात धरून एस.टी.त चढली.

खामगाव, नांदुरा करत आम्ही मलकापूरला निघालो तेव्हा अख्खी एस.टी. वंदना शिकत होती. कोकणातले उच्चार वेगळे, मराठवाड्यातले वेगळे. मी अडले की ड्रायव्हर पुढून ओरडून शब्द सांगायचा आणि सगळे खो खो हसायचे. इतक्या आनंदानं ते शब्द मी त्याआधी कधी उच्चारले नव्हते.

बुद्ध कुणाची मागणी पुरवतात असं आमचा धम्म सांगत नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. मी गाडी मागितली ती प्रार्थना टाळण्यासाठी, आणि आली ती प्रार्थना पूर्ण करण्यासाठी, एवढंच मला ठाऊक आहे. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं असं मला वाटायचं. त्या सकाळी कळलं, आपले शब्द संपतात तिथे न लाजता थांबणं म्हणजे शरण जाणं. त्या थांबण्याबद्दल, आणि ज्याचं नाव विचारायचं राहून गेलं त्या भल्या माणसाबद्दल, मी आजही कृतज्ञ आहे.

मलकापूरच्या फलाटावरून मुंबईकडची गाडी सुटली, तेव्हा खिडकीत दाटीवाटीनं बसलेली तिकडची सगळी मंडळी वंदनाच म्हणत होती. हमाल थांबून बघत होते. दुसऱ्या शीलावर कुंदा अडली, आणि मी हसत, रडत, गाडीबरोबर धावत पुढची ओळ ओरडून सांगितली.