कलेक्टरसाहेबांचा आवाज

आमच्या केशवापूरच्या गल्लीत एक इंग्रज राहतो. नाव नारायणराव किल्लेदार. दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात गादीवर बसून त्यांनी उभा जन्म काढला. पण देवानं रंग दिला गोरापान, डोळे घारे आणि उंची सहा फूट. धारवाडकडं कुणी कन्नड सिनेमा किंवा मालिका काढायला आलं आणि त्यात इंग्रज अंमलदार हवा असला, की नारायणरावांना फोन. तीस वर्षांत त्यांनी चार वेळा गोळीबाराचा हुकूम दिला, दोनदा विहिरीत पडले आणि एकदा घोड्यावरून, तेही कथेत नसताना. गल्लीत त्यांना 'साहेब' म्हणतात. ते नाव मीच ठेवलं.

बोलायला मात्र कधी मिळालं नाही. असल्या किरकोळ नटाला संवाद देत नाहीत. नुसते ओठ हलवा म्हणतात, आवाज मागाहून बेंगळुरात कुणीतरी भरतं. साहेब ओठ हलवायला मराठी शाळेतले पाढे म्हणायचे. साधं बोलणं असलं तर बाराचा, राग यायचा असला की एकोणतिसाचा. टीव्हीसमोर बसून कितीचा पाढा चाललाय ते मी ओळखून सांगायचो आणि साहेबांची बायको, पद्मावहिनी, हसून हसून डोळे पुसायच्या.

मग गेल्या श्रावणात खरा संवाद आला. म्हातारा कलेक्टर विलायतेला परत निघालाय. पोराच्या कबरीपाशी उभा राहून तो मोडक्यातोडक्या कन्नडात माळ्याला सांगतो, माझा पोरगा इथं राहतोय, झाडाला पाणी घालत जा. एवढंच. दिग्दर्शकानं शब्द दिला, आवाज तुमचाच ठेवतो.

साहेबांना शिकवायला गुरुप्रसाद होता. शाळेपासूनचा दोस्त. रिक्षाला कर्णा बांधून गावभर साड्यांचे सेल, सर्कस, सभा पुकारतो. रोज संध्याकाळी तो गच्चीवर यायचा, कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा ते दाखवायचा. शूटिंग उरकलं तरी हे थांबलं नाही. चहा झाला की साहेब म्हणायचे, गुरू, एकदा ऐक की. तो ऐकायचा आणि मान डोलवायचा. मला तर ती वाक्यं पाठ झाली होती; भाजीवाल्यासमोर मी साहेबांची नक्कल करून दाखवायचो.

संक्रांतीनंतर सिनेमा लागला. साहेब अख्खी गल्ली, बावीस माणसं, दुपारच्या खेळाला घेऊन गेले. गुरुप्रसाद कंबर धरली म्हणत होता. साहेबांनी त्याला ओढून आणून आपल्या शेजारी बसवलं.

कबरीचा प्रसंग आला. साहेब पडद्यावर असे उभे होते, की मीसुद्धा गप्प झालो. ओठ हलले आणि आवाज आला. भरदार, घोळून घोळून. आदल्या दिवशी सकाळीच हा आवाज आमच्या गल्लीतून एका साडीवर दुसरी फुकट देत गेला होता. आमच्या रांगेनं तो तिथल्या तिथं ओळखला. थिएटरातली बाकीची माणसं नाकं पुसत होती आणि आमची बावीस माणसं खोखो हसत होती. हसायला सुरुवात मी केली. लिहायला लाज वाटते, पण मीच.

साहेब हसले नाहीत. शेजारी वळून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुप्रसाद त्यांच्या दारात उभा. मी शेजारीच राहतो, माझे कान अर्थातच मधल्या कुंपणाला. शूटिंगला तुला शिकवताना त्यांनी माझा आवाज ऐकलेला, दसऱ्याच्या सुमारास स्टुडिओतून बोलावणं आलं, म्हणाला. म्हाताऱ्याचा आवाज पातळ लागतोय, तू भर म्हणाले. नाही म्हटलं असतं तर कुणी परक्यानं भरला असता. निदान मला तुझ्या थांबायच्या जागा माहीत होत्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चार महिने रोज माझ्या तोंडून ऐकलंस. एक दिवस सांगायचं होतंस की रे."

"सांगितलं असतं तर तू म्हणायचं सोडलं असतंस, नारायणा."

साहेबांनी त्याच्याकडं पाठ केली आणि पद्मावहिनींना म्हणाले, "त्याला विचार, माझं चुकत कुठं होतं."

वहिनी काय विचारणार, तो समोरच होता.

"कुठंच नाही," गुरुप्रसाद म्हणाला.

साहेब पुढं होऊन त्याच्या तोंडावर दार लावायला लागले. लावताना त्यांनी एकदा कुंपणाकडं, म्हणजे माझ्याकडं, बघितलं.