डाव्या चाकाचा घसा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. उभा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला, असल्या गोष्टींवर कधी विश्वास बसला नाही, आजही बसत नाही. पण या सदरातले इतरांचे अनुभव वाचून वाटलं, आपलाही एक लिहून टाकावा... काय समजायचं ते तुम्ही समजा.

लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती. फौजेत मोटारदुरुस्ती शिकून मी परत आलो आणि इस्लामपूरच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर कम मेकॅनिक म्हणून लागलो. डॉक्टरांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगरात जी गावं आहेत, तिथं दुसरी कुठली गाडी चढतच नसे.

जीप दणकट, पण एक खोड होती. पुढचं डावं चाक तापायचं. दोन-तीन मैल उतार झाला की ब्रेकच्या ड्रमवर पाणी टाकलं तर चर्र व्हायचं! पेडलवरून पाय काढला तरी त्या चाकाचा ब्रेक सुटायचा नाही, चाक ब्रेक धरूनच फिरायचं. निवलं की आपोआप मोकळं. मी ब्रेक शू सेट केले, स्प्रिंगा बदलल्या, चाकातला सिलिंडर खोलून साफ केला. चार दिवस बरं, की पुन्हा तेच.

गुऱ्हाळांचे दिवस होते. डोंगरातल्या एका गावाहून सांगावा आला – काशीबाई नावाच्या बाईचा हात ऊस घालताना चरकात गेला. आम्ही पोचलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टी आवळून रक्त थांबवलं, पण हात वाचवायचा तर सांगलीला ऑपरेशनच हवं होतं. काशीबाईंना पुढं माझ्या शेजारी बसवलं. डॉक्टर मागून त्यांचा हात वर धरून बसले. बाई शुद्धीवर होत्या.

निम्मा उतार झाला आणि जळका वास आला. गाडी डावीकडं ओढायला लागली. उतरून बघतो तर ड्रममधून धूर!

"किती वेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"निवायला तास तरी लागंल, साहेब."

"तास नाहीये आपल्याकडं. पट्टी जास्त वेळ ठेवली तर हात जाईल, सोडली तर बाई जाईल."

बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. ती जवळ आली. गाडीत बघून म्हणाली, "आगं बया! पानी आनू का रं?"

"आना मावशी, लवकर आना."

ती झोपडीतली घागर घेऊन खाली विहिरीकडं गेली. विहीर चांगली फर्लांगभर लांब, उताराच्या पार तळाला.

मी जॅक लावून चाक उचललं. चाक जाम. पुन्हा ड्रम उघडायचा तर तो हात लावू देईना. मी उकिडवा बसून नुसता बघत राहिलो... आणि उजव्या कानाशी म्हातारीचा आवाज आला. अगदी जवळून –

"घसा बघ रं त्येचा. आतनं सुजलाय."

"कसला घसा, मावशी?" मी मान न वळवताच म्हणालो. बोलता बोलता माझी नजर गेली ती चाकाकडं येणाऱ्या रबरी नळीवर. चासीपासून चाकापर्यंत ब्रेकचं ऑइल नेणारी नळी. बाहेरून धड, एक चीर नाही, म्हणून मी तिच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. पण आतून सुजली असेल तर? पायाच्या जोरानं ऑइल पुढं जाईल, पण परत येणार नाही. ब्रेक धरलेलाच राहील!

आधी नळीचा वरचा नट सैल केला. चाक जामच. मग चाकाजवळचा स्क्रू उघडला... ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक एका बोटानं फिरलं. म्हणजे ऑइल नळीतच अडकत होतं.

तेवढ्यात खालून चढ चढत, धापा टाकत म्हातारी घागर घेऊन आली. घाईत मी काही विचार केला नाही. नळी काढून टाकली, तिच्याकडं येणारा लोखंडी पाइप दुमडून हातोड्यानं चेचून बंद केला, डब्यातलं ऑइल भरलं, डॉक्टरांना पेडल मारायला लावून दुसऱ्या चाकातून हवा काढली. तीन चाकांच्या ब्रेकवर, दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरलो. दिवेलागणीला सांगली. काशीबाईंची दोन बोटं गेली, हात राहिला.

दुसऱ्या दिवशी नळी ब्लेडनं उभी चिरली. आतलं रबर इतकं फुगलेलं, की सुई जाईना. आणि तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला – घागर घेऊन गेलेली म्हातारी माझ्या कानाशी बोलली कशी?

पंधरा दिवसांनी डॉक्टरांना घेऊन मुद्दाम तिच्याकडं गेलो. विचारलं तर ती हसायला लागली. "आरं, मी तवा हिरीवर न्हवं का? मला काय ठावं मोटारीला घसा आसतोय त्ये!"

मला वाटलं, माझ्याच मनाचा खेळ असेल. पण डॉक्टर म्हणाले, "नाही. मीसुद्धा ऐकलं. मला वाटलं, हीच बोलली."

तसेच पुढं काशीबाईंच्या घरी गेलो. त्या दिवशी चाकाच्या बाजूलाच बसून त्या सारा वेळ माझ्याकडं बघत होत्या. त्यांना विचारलं.

"आवाज आला की," त्या म्हणाल्या. "पर तुमचं त्वांड हलत न्हवतं. आन तितं दुसरं कुनी न्हवतं."

"भ्या नाही वाटलं?"

"भ्या कशाचं? लय मायेनं बोलली ती."

ती म्हणजे कोण, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच कधी कळलं नाही.